चांगल्या हाताच्या शोधात

न्यूझीलंडहून परत आल्यापासून चिंचवडच्या आमच्या सोसायटीत मला सगळे एकच विचारतात, मेंढ्या पाहिल्या का. पाहिल्या, पण धावत्या गाडीतून, आणि त्या मेंढ्या होत्या की कुणी वाळत घातलेल्या गोधड्या हे मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. काजव्यांसारख्या चमकणाऱ्या अळ्यांची गुहा राहिली, बर्फाचे डोंगर राहिले. मी पाहिली ती मालिशची टेबलं, ज्यांना एका टोकाला भोक असतं आणि त्यात तोंड घालून पालथं पडायचं असतं. अंगाला न लागता अंगावरून फिरणारे हात पाहिले, आणि कोपराने पाठ मळणाऱ्या बाई पाहिल्या. इतक्या लांब जाऊन हे बघत बसणारी मी एकटीच असेन, म्हणून लिहायला घेतलं.

जायचं कारण आधी सांगते. माझी मुलगी केतकी आणि जावई अमित ऑकलंडला असतात. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे, तो बंदरावरच्या क्रेनचं काम बघतो. ऑगस्टमध्ये तिच्या बाळंतपणाला मी जाणार होते. सहाव्या महिन्यात बाळ गेलं. मी तिकीट अलीकडे आणलं, बॅगेतली झबली काढून ठेवली आणि त्या जागी थालिपिठाची भाजणी भरली. निघण्याआधी अमितचा फोन आला होता. "आई, डॉक्टर म्हणतायत रिकव्हरी नीट आहे. पण ती कुणाला हात लावू देत नाही. मलासुद्धा. पाठ अशी धरलीये की मान वळवायची तर अख्खी वळते. रडत पण नाही. तुम्ही या फक्त."

मुलीच्या अंगातला तो ताठा जावा, तिला जरा बरं वाटावं, एवढ्यासाठी मी गेले. ते कसं करायचं याची मला काडीचीही कल्पना नव्हती.

अवोन्डेल

केतकीचं घर ऑकलंडच्या अवोन्डेल भागात आहे. लाकडी, बुटकं, दारात लिंबाचं झाड. लिंबं एवढी लागतात की पिशव्या भरून कुंपणावर ठेवतात आणि येणारा-जाणारा घेऊन जातो. आपल्याकडे झाडाला कुलूप लावायची सोय असती तर लोकांनी तीही केली असती.

विमानतळावर तिने माझी बॅग घेतली, मिठी मारली नाही. घरी दिवसभर ती लॅपटॉपपुढे. काही विचारलं की "आय अ‍ॅम फाइन, आई." मी शेजारी जाऊन बसले की तिला नेमकी तहान लागायची. समाचाराला कुणी येत नाही का, असं मी अमितला विचारलं. तो म्हणाला, इथे माणसं येत नाहीत, डबे येतात. लोक दाराशी खाणं ठेवतात, मेसेज करतात आणि बेल न वाजवता निघून जातात. तिच्या ऑफिसातल्यांनी मिळून तिला एका ठिकाणचं व्हाउचर दिलं होतं, रेकीचं, म्हणजे हातांनी ऊर्जा देतात म्हणे, त्याचं. आपल्याकडे माणसं येऊन नको ते बोलून जातात, इथे काहीच न बोलता जातात. त्यातलं बरं कुठलं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

रविवारी अमित मला बाजारात घेऊन गेला. रेसकोर्सच्या मोकळ्या जागेत हा बाजार भरतो आणि तिथे गेल्यावर आपण परदेशात आहोत हे विसरायला होतं, कारण सगळेच परदेशी असतात. मांडीएवढ्या अळकुड्या, कोथिंबिरीच्या जुड्या, जिवंत खेकडे, जुने पाने-पक्कड, फुलांचे गजरे डोक्यात घातलेल्या सामोअन बायका. एका कोपऱ्यात एक चिनी बाई घडीच्या खुर्चीवर मालिश करत होत्या. गिऱ्हाईक खुर्चीत उलटं बसतं, तोंड गादीच्या कड्यात घालतं आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या चपला बघत राहतं. चपलांना इथे जँडल्स म्हणतात. मी लगेच बसले. नमुना स्वतःवर तपासल्याशिवाय मी केतकीला कुठेही नेणार नव्हते.

बाईंनी माझ्या खांद्यात अंगठा असा रुतवला की डोळ्यांसमोर जँडल्स नाचायला लागल्या. "पेन?" त्यांनी विचारलं. "नो नो, व्हेरी गुड," मी म्हटलं. पाहुण्याघरी चौथी पोळी वाढली तरी आपल्याला नाही म्हणवत नाही, तसंच झालं. बाईंनी खूश होऊन कोपर काढलं. दुसऱ्या दिवशी वेणी घालायला हात वर जाईना. बाईंचा हात वाईट नव्हता, पण केतकीसाठी नव्हता.

मग मी जे केलं ते सांगायला जरा लाज वाटते. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. ऊर्जा म्हटलं की माझ्या तोंडून आपोआप एकक निघतं. पण आईच्या हाताला काही काम हवं असतं. मी मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या मुठीत घेतल्या आणि केतकीची दृष्ट काढली.

"आई, हे प्युअर सुपरस्टिशन आहे," ती लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाली. "तू आम्हाला शाळेत याच्यावर लेक्चर दिलंयस."

"असू दे. बस तशीच."

"माझा कॅमेरा ऑफ आहे म्हणून ठीक आहे."

मिरच्या तापल्या तव्यावर टाकल्या मात्र, आणि छतावरचा धुराचा भोंगा असा किंचाळायला लागला की मला वाटलं मीच काहीतरी फोडलं. खोकून खोकून माझे डोळे वाहत होते, केतकी खिडक्या उघडत होती, आणि तेवढ्यात मागच्या दाराने एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई आत आल्या. त्यांनी ओट्यावरचा टॉवेल उचलला आणि भोंग्याखाली उभं राहून पंख्यासारखा फिरवायला लागल्या. भोंगा थांबल्यावर त्यांच्या भाषेत नमस्कार करून म्हणाल्या, "किआ ओरा. सगळे जिवंत?"

या शेजारच्या नायरी. माओरी आहेत. केतकी त्यांना फाएआ नायरी म्हणते, आपण मावशी म्हणतो तसं. हा कसला स्वयंपाक, असं त्यांनी विचारलं. माझ्या इंग्रजीत मी दृष्ट समजावली. त्या हसतील असं वाटलं होतं, पण त्यांनी मन लावून ऐकलं.

"आमच्यात पाणी शिंपडतात," त्या म्हणाल्या. "दफनभूमीतून बाहेर पडताना हात धुतो, अंगावर शिंपडतो. छतावरच्या भोंग्यासाठी ते हीप्स बेटर." हीप्स म्हणजे पुष्कळच.

स्मशानातून आल्यावर आम्हीही अंघोळ केल्याशिवाय घरात शिरत नाही, असं मी सांगितलं. त्यावरून आम्ही दोघी बराच वेळ बोललो. त्या शाळेत काम करत होत्या, आता निवृत्त आहेत, आणि आत्याकडून शिकलेलं मिरीमिरी, म्हणजे माओरी पद्धतीचं मालिश, करतात. जाताना केतकीकडे बघून म्हणाल्या, "तुला हवं तेव्हा ये. नको असेल तर नको येऊस." केतकी अख्खी वळून खिडकीबाहेर बघत होती.

माउंट वेलिंग्टन

दृष्ट म्हणजे अंधश्रद्धा, पण रेकीचं व्हाउचर वापरायला केतकी तयार झाली. मी चिडवलं तर म्हणाली, "ऑफिसमध्ये सगळे विचारणार, आई. जायला लागेल." तिचं ऑफिस माउंट वेलिंग्टनला आहे आणि जागा तिथून जवळच, मोठ्या बाजारसंकुलाच्या मागे, एका दाताच्या दवाखान्याच्या वर. जिना चढताना खालून ड्रिलचा आवाज येत होता आणि वरून बासरीचा.

रेकी देणाऱ्या हेलन पूर्वी हिशेब तपासनीस होत्या, त्यामुळे माझं त्यांच्याशी पटलं. मी सरळच विचारलं, ही ऊर्जा कुठली, मोजता येते का.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "माझे हात गरम होतात. काही लोकांना झोप लागते, काहींना रडू येतं, काहींना काहीच होत नाही. हे औषध नाही, डॉक्टरांचं काही चालू असेल तर ते सोडायचं नाही."

एवढं प्रामाणिक उत्तर मला आमच्याकडच्या एकाही ध्यान-मंडळात मिळालं नव्हतं. आधी मी टेबलावर पडले. हेलननी हात माझ्या कपाळापासून टीचभर वर धरले. ऊब लागते का, माझी की त्यांची, डोळे मिटल्यामुळे तसं वाटतं का, बासरी बंद करून पुन्हा पाहिलं तर, असा सगळा प्रयोग मी मनात आखला आणि पुढे काय झालं ते मला माहीत नाही, कारण मी घोरायला लागले. उठले तेव्हा अंग हलकं होतं. का होतं ते सांगता येत नाही. एक माणूस आपल्यापुढे काहीही न मागता, न बोलता तासभर बसलं, हे माझ्या बाबतीत शेवटचं कधी घडलं होतं ते आठवेना. ऊर्जेचं एकक मिळालं नाही, पण याचं एकक तरी कुठे आहे?

केतकीच्या वेळी मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. डोकं, खांदे इथवर ती शांत होती. हेलनचे हात पोटावर आले, तेही वरच, न टेकता, तशी तिने दोन्ही तळवे पोटावर घट्ट ठेवले. "नॉट देअर, प्लीज." हेलननी लगेच हात काढले आणि पायांकडे गेल्या. मला खुर्चीत बसवेना.

गाडीत ती म्हणाली, "बरं वाटलं. रिअली." सकाळी अमितने सांगितलं की खूप दिवसांनी तिला सलग झोप लागली. झोपेचं श्रेय मी हेलनना मोकळ्या मनाने दिलं. पण चहाचा कप घ्यायला केतकी वळली ती अख्खीच वळली.

टौरंगा

अमितला टौरंगाच्या बंदरावर काम निघालं. त्याने आम्हा दोघींना गाडीत घातलं. वाटेत किवीफळांच्या बागा. मला वाटायचं किवी झाडाला लागतं, तर ते द्राक्षासारखं मांडवावर लागतं, आणि बागांभोवती दोन पुरुष उंचीची कुंपणं असतात, वारा लागू नये म्हणून. नाशिककडच्या बागाईतदाराला इथे आणून सोडलं तर तो तासाभरात मालकाला सूचना द्यायला लागेल. गावात शिरल्यावर मात्र गाड्याच गाड्या, आणि बंदरावर ओंडक्यांचे डोंगर.

समुद्राकाठी गरम खाऱ्या पाण्याची कुंडं आहेत. पाठीला चांगलं, म्हणून मी केतकीला आग्रह केला. आपल्याकडे वज्रेश्वरीला आपण अंगावरच्या कपड्यांनी उतरतो. मी तशीच पंजाबी ड्रेस घालून, ओढणी खोचून पायऱ्या उतरले. देखरेख करणारी मुलगी धावत आली. "सॉरी, टॉग्ज ओन्ली." टॉग्ज म्हणजे पोहण्याचे कपडे. तिथल्याच दुकानातून गुडघ्याखाली येणारे, माझ्या मापाचे म्हणून मिळालेले टॉग्ज निळे होते आणि त्यांवर अननस होते.

मला त्या अननसात बघून केतकी हसली. नीट, आवाज करून हसली. "आई, स्वीट अ‍ॅज. चिंचवडला फोटो पाठवू?" तिथल्या बोलीत त्याचा अर्थ झकास. त्या हसण्यासाठी मी कुठल्याही फळाचे कपडे घातले असते. पाण्यात ती गळ्यापर्यंत बुडून बसली, डोळे मिटले, खांदे थोडे खाली आले. मी शेजारी गप्प बसून ते खांदे बघत होते.

तेवढ्यात एक बाई तान्हं बाळ घेऊन बाहेर बाकावर बसली आणि त्याला पाजायला लागली. केतकीने डोळे उघडले. क्षणभर बघितलं आणि पाण्यातून निघून गेली.

गाडीत ती पुढे बघून बोलली. मराठीत, एकही इंग्रजी शब्द न वापरता, म्हणून मी घाबरले.

"आई, मला दूध आलं होतं. बाळ गेल्यावर. येईल असं कुणी नीट सांगितलंच नव्हतं. मी भांडी घासत होते."

मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, कुणाचा ते कळलं नाही. आम्ही अमितची वाट बघत तशाच बसून राहिलो.

पुन्हा अवोन्डेल

परत आल्यावर केतकी आपणहून म्हणाली की फाएआ नायरींकडे जाऊ. तू आधी, असंही म्हणाली. माझी प्रयोगपद्धत तिला एव्हाना पाठ झाली होती.

नायरींच्या बैठकीत जमिनीवर गादी घातली होती. चपला बाहेर. मी दमून समोरच्या उशीवर टेकणार तोच केतकी आणि नायरी एकदम म्हणाल्या, "उशीवर नाही." डोकं पवित्र, म्हणून डोक्याच्या उशीवर बसायचं नाही, असं नायरींनी सांगितलं. उशीवर बसलं की गळवं होतात असं माझी आई सांगायची, हे मी सांगितलं. एवढी पृथ्वी ओलांडून येऊन मी माझ्याच घरचा नियम मोडायला निघाले होते.

आधी त्यांनी त्यांच्या भाषेत छोटी प्रार्थना म्हटली. मिरीमिरी कपड्यांवरूनच केलं. त्यांचा हात आधी एका जागी नुसता थांबायचा, मग दाबायचा. चिनी बाईंनी जो खांदा जायबंदी केला होता तिथे तो बराच वेळ थांबला. त्या मधूनमधून बोलत होत्या, शेजारच्या गल्लीतलं, पावसाचं, नातवाच्या रग्बीचं. मालिश करताना गप्पा मारणारी बाई भेटल्यावर मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

केतकी गादीवर आडवी झाली तेव्हा नायरींनी तिचे पाय धरले आणि विचारलं, "पाठीला हात लावू?" केतकी म्हणाली, "नको." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्या पोटऱ्या चोळत राहिल्या. मग, अगदी रग्बीचं बोलावं तशा आवाजात, त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे बाळ झाल्यावर आईच्या अंगाला कोण हात लावतं?"

"मालिशवाल्या मावशी येतात," केतकी म्हणाली. "तेल लावतात, गरम पाण्याने अंघोळ घालतात, शेक देतात. पोट बांधतात. सव्वा महिना. पण ते बाळ झालं की."

"तुझं बाळ झालं होतं ना?" नायरी म्हणाल्या.

सहा महिने वाढवलेलं बाळ कळा सोसून तिने जन्माला घातलं होतं. दूध आलं होतं, पाठ मोडली होती. बाळंतपण झालं होतं, आणि ते करायला निघालेल्या मला वाटत होतं की ते रद्द झालं. मी हिच्यासाठी अख्ख्या शहरात चांगला हात शोधत फिरले, आणि जे आपल्याकडे खेड्यातली, शहरातली कुठलीही आई डोळे मिटून करते, ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. केतकी मान वळवून माझ्याकडे बघत होती.

"करशील?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सुट्टी टाकली. अमितने देशी दुकानातून तिळाचं तेल आणलं. बाळंतशेपा तिथे मिळाल्या. शेगडी कुठून मिळणार, म्हणून त्याने मायक्रोवेव्हमध्ये गरम करायच्या गव्हाच्या पिशव्या आणल्या आणि पोट बांधायला माझं मऊ सुती पातळ मी आडवं फाडलं. बैठकीत जुनी चादर अंथरली. मला मालिशवाल्या मावशींसारखं येत नाही. माझ्या वेळी त्या करायच्या तेवढं अंगाला आठवत होतं, तेवढंच करायचं ठरवलं. तेल कोमट केलं आणि अमितला बाहेर पाठवलं.

तळपायांपासून सुरुवात केली. पोटऱ्या, मांड्या, हात. पाठीशी आले तेव्हा मी थांबून विचारलं, "लावू?" तिने होकारार्थी मान हलवली. तिची पाठ मी लहानपणी शेवटची चोळली असेल. फळीसारखी कडक होती. मी जोर केला नाही, नुसते तळवे फिरवत राहिले. कंबरेवर गव्हाची पिशवी ठेवली, शेक लागला तशी ती रडायला लागली. आधी आवाज नव्हता, मग मोठ्याने. मला जवळ घ्यावंसं वाटत होतं, पण हात काढला तर ती पुन्हा आवळून घेईल अशी भीती वाटली. मी चोळतच राहिले.

बऱ्याच वेळाने ती उताणी झाली. पोटावरचे स्वतःचे हात तिने बाजूला घेतले. मी तेल घेतलं आणि अगदी हलकं, बेंबीभोवती गोल फिरवायला लागले.

"मुलगी होती, आई," ती म्हणाली. "कुणी विचारलंच नाही."

मी हात थांबवला नाही. "कशी होती गं दिसायला?"

केतकीने नाक पुसलं आणि सांगायला लागली.